झाडं मोजून झाली, आता माती तपासा

जुलै उजाडला की उत्तर प्रदेशात झाडांचे आकडे यायला लागतात. २०२४ च्या २० जुलैला एका दिवसात ३६ कोटींहून जास्त रोपं लावल्याचं सरकारने जाहीर केलं, तर २०२५ च्या ९ जुलैला ३७ कोटींहून जास्त. महाराष्ट्राला हे नवीन नाही. २०१६ साली १ जुलैला २ कोटी, पुढे ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी, अशी चढती उद्दिष्टं आपण पाहिलेली आहेत. या मोहिमांत खड्डे मोजले जातात, रोपं मोजली जातात, कोणत्या खात्याने किती लावली याचे तक्ते बनतात. ज्या मातीत ते रोप जाणार तिचा सामू किती, तिच्यात सेंद्रिय कर्ब किती, तिच्यातून पाणी खाली उतरतं का, हा रकाना मात्र मी अजून कोणत्याही तक्त्यात पाहिलेला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शहरातल्या बागा, उद्यानं, रस्त्याकडेची झाडं यांवर जो पैसा खर्च होतो, त्यातला पहिला रुपया माती तपासण्यावर खर्च व्हावा. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत खड्डा खणू नये.

मी मूळची सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली. सासर विट्याकडचं. खानापूर-आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत. सोन्याचांदीचा टंच काढायचा, गाळून शुद्ध करायचं, हे आमच्या घरचं काम. त्यासाठीच आमचं कुटुंब लखनऊच्या चौकात आलं आणि इथलंच झालं. चौकातल्या गल्लीत तुळशीच्या कुंडीपलीकडे मातीशी संबंध येत नाही. शहराच्या दक्षिणेला, रायबरेली रोडकडच्या एका वसाहतीत घर घेतलं, तेव्हा दारासमोर एक उद्यान मिळालं आणि इथली माती पहिल्यांदा हाताला लागली.

कृष्णाकाठची माती बघत मी वाढले. ती काळी, पाणी धरून ठेवणारी. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पाऊस आला की ती फुगते आणि भेगा मिटतात. जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करते. पेरणीच्या वेळी आमचे आबा मूठभर माती उचलून दाबायचे, वाफसा आलाय का ते बोटांनी ओळखायचे, आणि मगच औताला हात घालायचे. वसाहतीतल्या उद्यानात ही सवय चालेना. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी हललेलं नसायचं, आणि ते शेवटपर्यंत गढूळच राहायचं. ते आटलं की जमिनीवर पांढरट पापुद्रा यायचा. ओली असताना माती बुळबुळीत, वाळली की कुदळ मारली तर उसळून वर येणार. दर पावसाळ्यात तिथे रोपं लागायची आणि होळीपर्यंत त्यांच्या काठ्या उरायच्या. उद्यानाच्या माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “ई ऊसर है बहूजी, इहाँ दूब भी नाहीं जमत है.” त्याचं निदान पूर्णपणे बरोबर होतं. रोपं लावण्याआधी त्याला ते कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

ऊसर म्हणजे काय, हे समजून घेतलं की कुठल्याही मातीचं आरोग्य कशावर उभं असतं ते कळतं. चिकणमातीचे अतिबारीक कण आपल्या अंगावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे घटक धरून ठेवतात. कॅल्शियम भरपूर असेल तर कण एकमेकांजवळ येतात, त्यांचे रवे बनतात. रव्यांच्या मध्ये पोकळ्या राहतात, त्यांतून हवा खेळते, पाणी खाली जातं, मुळं वाट काढतात. आपण ज्या मातीला भुसभुशीत म्हणतो ती अशी रवाळ माती. या घटकांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की कण एकमेकांपासून सुटतात. ते पाण्यात पसरतात आणि खाली बसताना सगळ्या पोकळ्या बुजवतात. पावसाळ्यात मुळं हवेवाचून गुदमरतात, उन्हाळ्यात जमीन दगड होते. सामू ९ आणि १० च्या पुढे जातो. मातीत जस्त आणि लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडायला लागतो. माळी मग खताची मात्रा वाढवतो, आणि रोप आणखी लवकर जातं.

ही माती कुणी एका दिवसात बिघडवलेली नाही. हिमालयातून आलेल्या गाळातले क्षार, सपाट मैदान, उथळ भूजल, पावसाचं पाणी बाहेर जायला उतार नाही आणि वर मे-जूनची लू, या सगळ्यांतून हजारो वर्षांत ती घडली. भर घातली ती कालव्यांनी. १९२८ साली शारदा कालवा सुरू झाला आणि त्याच्या पाझराने कित्येक ठिकाणी भूजल वर आलं, त्याबरोबर क्षारही वर आले. देशात सोडियममुळे बिघडलेली जमीन सुमारे ३७ लाख ७० हजार हेक्टर आहे, त्यातली सुमारे १३ लाख ७० हजार हेक्टर एकट्या उत्तर प्रदेशात. जमिनीवरच्या पांढऱ्या पापुद्र्याला इथे रेह म्हणतात. तिच्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा असतो. पूर्वी धोबी ती खरवडून कपडे धुवायला नेत. खाली दोन-तीन फुटांवर बहुधा कंकर लागतो, चुनखडीच्या खड्यांचा घट्ट थर. मूळ त्याच्यावर येऊन थांबतं.

लखनऊचं वैशिष्ट्य असं, की ज्या शहराच्या अंगणात हा आजार आहे त्याच शहरात त्याचे वैद्यही आहेत. सिकंदर बागेत आज जी राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे, ती आधी राष्ट्रीय वनस्पती उद्यान होती. १९५३ साली ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली आणि १९७८ साली तिला आजचं नाव मिळालं. तिचे संस्थापक संचालक प्रा. कैलासनाथ कौल यांनी १९५६ साली कानपूर रस्त्यावर बंथरा इथे ऊसर जमीन संशोधनासाठी घेतली. गवताची काडी नसलेल्या त्या जमिनीवर पाणी अडवणं, पालापाचोळा आणि शेणखत मुरवणं, तग धरणारी झाडं लावणं असे प्रयोग पुढे वर्षानुवर्षं चालले. आज तिथे झाडी उभी आहे.

यामागचं रसायन मला फार मोलाचं वाटतं. ऊसर जमिनीत कॅल्शियम नसतं असं नाही. कंकर म्हणजे कॅल्शियमच, पण न विरघळणारं, कुलपात बंद. मातीत पालापाचोळा कुजायला लागला, मुळं श्वास घ्यायला लागली, की कार्बन डायऑक्साइड आणि सौम्य आम्लं तयार होतात, आणि त्यांनी हा चुना हळूहळू विरघळतो. सुटलेलं कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला हटवून त्याची जागा घेतं. सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातो. म्हणजे औषध त्याच जमिनीत होतं, ते मोकळं करणारा जीव तिथे नव्हता. सेंद्रिय पदार्थ म्हणजे फक्त खत, हा समज इथे पार निकालात निघतो.

हेच काम लवकर करायचं तर जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम पाण्यात विरघळतं, सोडियमला बाहेर काढतं, आणि तयार झालेलं सोडियम सल्फेट निचऱ्याबरोबर जातं. करनालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ साली सुरू झाली आणि तिचं विभागीय केंद्र १९९९ पासून लखनऊत आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९९३ पासून या राज्यात ऊसर सुधाराचा मोठा प्रकल्प चालला, हजारो गावांतल्या शेतकऱ्यांनी जिप्सम टाकून भात घेतला. झाडांसाठीही रीत ठरलेली आहे. फूट-दीड फुटाचा खड्डा न काढता गिरमिटाने वीतभर रुंद आणि चार फुटांहून खोल भोक पाडायचं, म्हणजे कंकराचा थर भेदला जातो. त्यात जिप्सम, शेणखत आणि चांगली माती भरायची. अर्जुन, बाभूळ, करंज अशी सोसणारी झाडं निवडायची. फळझाड हवं असेल तर आवळा, बोर, पेरू. प्रतापगढचा आवळा देशभर जातो, तो पुष्कळसा अशाच जमिनीवर पिकतो.

शेतकऱ्यासाठी इतकं ज्ञान तयार असताना शहरातल्या बागा मात्र त्याच्यापासून लांब राहिल्या. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगढला मृदा आरोग्य पत्रिका योजनेची सुरुवात झाली. मातीचे बारा निकष तपासून शेतकऱ्याला पत्रिका द्यायची, ही त्यातली कल्पना. चांगली कल्पना आहे. पण लखनऊ, पुणे, नागपूर, नाशिक या शहरांतल्या किती उद्यानांच्या फाटकावर अशी पत्रिका लावलेली दिसते? डिसेंबरात वनस्पती संशोधन संस्थेत शेवंतीचं प्रदर्शन भरतं, जानेवारीत गुलाबाचं. मी आवडीने जाते. ताटाएवढी शेवंती बघायला लोक रांगा लावतात. त्या रांगेतल्या प्रत्येकाला, ही शेवंती कोणत्या मातीत वाढली, तिच्यात काय मिसळलं, पाणी कसं दिलं, हे शेजारच्या टेबलावर दाखवता येईल. फुलाबरोबर मातीचंही प्रदर्शन भरावं, अशी माझी मनापासून सूचना आहे.

शहरात मातीचं काय होतं ते बघा. वसाहत उभी राहताना सगळ्यात आधी वरची वीतभर माती जाते. मातीतला बहुतेक जीव, बहुतेक सेंद्रिय कर्ब याच थरात असतो, आणि तो बनायला शेकडो वर्षं लागतात. यंत्र तो एका दुपारी उपसतं. मग सिमेंटचा मलबा, विटांचे तुकडे, मौरंग म्हणजे जाडी वाळू पडते. खोलगट जागा भस्सीने, म्हणजे नदीकाठच्या बारीक वाळूमातीने भरली जाते. वरून डंपर फिरून सगळं दाबलं जातं. शेवटी ‘सौंदर्यीकरण’ येतं. कुठल्यातरी गावातून मातीच्या ट्रॉल्या येतात, सहा इंचांचा थर पसरतो, हिरवळीचे तुकडे अंथरले जातात, फोटो निघतात. खालची दाबलेली ऊसर जमीन पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून वरच्या थरात ते साचून राहतं. उन्हाळ्यात खालचे क्षार ओलीबरोबर वर चढतात. रोपाची मुळं जोवर वरच्या थरात आहेत तोवर ते हिरवं, खाली पोचली की पिवळं. दोन वर्षांनी नवी निविदा निघते, पुन्हा ट्रॉल्या येतात.

ती ट्रॉलीतली माती कुणाच्या तरी शेताची असते. लखनऊच्या भोवती वीटभट्ट्या आहेतच. त्यांच्यासाठी शेताची वरची माती विकली जाते, आणि आता शहराच्या हिरवळीसाठीही. लाखोरी विटांचं हे नबाबी शहर याच गाळाच्या मातीतून उभं राहिलं, हे खरं. पण कसदार थर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी मारायला न्यायचा, याला मी बागकाम म्हणणार नाही. आमच्या धंद्यात दुकानातला केरसुद्धा कुणी फेकत नाही, त्यातला कण अन् कण गाळून काढतात, आणि टंच काढल्याशिवाय गुंजभर सोनं कुणी घेत नाही. मातीच्या बाबतीत आपण अख्खा थर केर समजून फेकतो आणि ट्रॉलीभर माती न तपासता घेतो.

आमच्या वसाहतीतल्या काही बायकांनी आणि त्या माळ्याने मिळून उद्यानाचा एक कोपरा हाती घेतला. आधी नमुना. एका जागची माती उचलून चालत नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यांच्या कडेची चकती काढायची, सगळं एकत्र मिसळून चार भाग करत अर्धा किलोवर आणायचं, सावलीत वाळवायचं. अहवालात सामू साडेनवाच्या वर निघाला आणि सेंद्रिय कर्ब अगदी कमी. ०.५ टक्क्याच्या खाली कर्ब म्हणजे जमीन गरीब, ०.७५ च्या वर म्हणजे श्रीमंत, असा ढोबळ हिशेब असतो. जिप्समची गरज किती, हेही प्रयोगशाळा सांगते, फक्त ते मागून घ्यावं लागतं. हेक्टरी १० टन म्हणजे चौरस मीटरला एक किलो. हा हिशेब घरच्या बागेलाही लावता येतो. पावसाआधी जिप्सम पसरलं, वरच्या चार बोटं मातीत मिसळलं, भोवती बांध घातला आणि पावसाचं पाणी आत उभं राहू दिलं. खोल मिसळायचं नाही, हे माळ्याला आधीपासून माहीत होतं. त्याच्या गावी शेतात त्याने तेच केलं होतं. पाणी मुरल्यावर हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला, दीड महिन्याने फुलायच्या आधी तो मातीत गाडला. मग पालापाचोळ्याचं खत आणि त्यावर पानांचंच आच्छादन. झाडं त्यानंतर लावली. त्या कोपऱ्यात आता पाणी दिवसभरात मुरतं, दूब म्हणजे हरळी धरली आहे, ओली माती उकरली की गांडूळ दिसतं. उरलेल्या उद्यानात अजून तसंच आहे, आणि दोन्ही भाग शेजारी शेजारी असल्यामुळे फरक कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

पालापाचोळ्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लखनऊत पानगळ होते. कडुनिंब, पाकड, पिंपळ, शिसव यांची पानं रस्तोरस्ती पडतात. सकाळी ती झाडून ढीग होतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याला काडी लागते. धूर शहराच्या छातीत जातो आणि मातीचं वर्षभराचं अन्न राख होतं. शिवाय ती राख अल्कधर्मी, म्हणजे ज्या मातीचा सामू आधीच चढलेला आहे तिच्यात आणखी भर. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला बंदी घातली, आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितलं. नियम आहे, पण कोपऱ्यात खताचं टाकं नाही.

ते टाकं कसं बांधायचं हे महाराष्ट्रातल्याच एका माणसाने जगाला शिकवलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी झरोके, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. टाकं भरायला साधारण शंभर किलो शेण पुरतं, चौदा-पंधराशे किलो काडीकचऱ्याचं तीन-चार महिन्यांत खत होतं. उत्तर प्रदेशातल्या गावोगावी सरकारी योजनांतून नाडेप टाकी बांधली गेलेली आहेत. ज्या पद्धतीचा जन्म पुसदला झाला आणि जी अवधच्या खेड्यापर्यंत पोचली, ती आपल्याच शहरांतल्या प्रत्येक उद्यानात का असू नये? इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली आणि ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून गच्चीवरच्या पाचोळ्यातून माती घडवायला माणसांना शिकवलं. हा वारसा आपल्या दाराशी असताना आपण पानं जाळतो आणि पोत्यातलं खत विकत आणतो.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि ते मनापासूनच घेतलेले असतात. पहिला वेळेचा. माती सुधारायला एक-दोन पावसाळे जातात, मोहिमेची तारीख जुलैत असते. माझं उत्तर असं, की मेलेल्या रोपाच्या जागी पुन्हा रोप लावण्यात जी वर्षं जातात तीही धरा, मग कोणती वाट जवळची ते ठरवा. दुसरा पैशाचा. माती तपासणीचा खर्च एका ट्रॉली मातीच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि पानं तर फुकटच पडतात. तिसरा वाळवीचा. लखनऊत वाळवी खरोखर आहे, आणि अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं तर ती येतेच. म्हणून खत पूर्ण कुजलेलं हवं, हाताला गार लागणारं, शेणाचा वास न येणारं. खोडाला चिकटून आच्छादन करू नये, चार बोटं जागा मोकळी सोडावी.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. घरोघरी पाणी शुद्ध करणारी यंत्रं आली आणि त्यांतून वाया जाणारं पाणी लोक चांगल्या हेतूने कुंड्यांना घालतात. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. कुंडीच्या कडेला पांढरी किनार दिसू लागली तर ते पाणी थांबवावं, फरशी पुसायला वापरावं. वर्षातून एकदा पावसाच्या पाण्याने कुंडी भरभरून धुऊन निघू द्यावी. मातीसाठी पावसाच्या पाण्याइतकं चांगलं पाणी दुसरं नाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांना वाटेल, की हे गंगेच्या मैदानाचं दुखणं आहे, आपल्याला काय त्याचं. माझ्या माहेरी काय झालं ते सांगते. कृष्णाकाठी पाणी आलं, ऊस आला, समृद्धी आली. उसाला पाणी पाजत राहिलो, निचऱ्याची सोय कुणी केली नाही. काळ्या जमिनीत पाणी मुळातच हळू उतरतं. भूजल वर आलं, क्षार वर आले, आणि सांगली-कोल्हापुरात हजारो एकर जमीन क्षारपड झाली, काही चोपण झाली. लखनऊचा ऊसर निसर्गाने हजारो वर्षांत केला, आपली जमीन आपण दोन पिढ्यांत क्षारपड केली. कृष्णाकाठी आता जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून निचरा काढावा लागतो. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम हाती घेतलं, जमिनी पुन्हा पिकत्या झाल्या. हे चांगलं उदाहरण आहे. ते पाहताना इतकंच वाटतं, की निचरा आधी तपासला असता तर हा खर्च पडला नसता.

शहरातही तेच. पुण्यात टेकडी कापून उभ्या राहिलेल्या सोसायटीत मुरमावर पोयट्याचा थर टाकून हिरवळ लावतात, नागपुरात काळ्या जमिनीवर मलबा दाबून. प्रत्येक जागेचं दुखणं वेगळं, म्हणून प्रत्येक जागेची तपासणी वेगळी. सुरुवात घरी करता येते. काचेच्या बरणीत सुकी माती आणि पावसाचं किंवा शुद्ध पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसेल, पोयटा काही तासांत, चिकणमाती सावकाश. दोन-तीन दिवसांनीही पाणी दुधाळ गढूळच राहिलं तर सोडियमचा संशय घ्या आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. दुसरं, हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरा, ते मुरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर झाडाचा प्रश्न खताचा नाही, निचऱ्याचा आहे.

महापालिकांनी आणि वन खात्याने काय करावं, हेही स्पष्ट सांगते. उद्यानाच्या आणि वृक्षारोपणाच्या प्रत्येक निविदेत माती तपासणी ही पहिली बाब असावी, आणि तिचा अहवाल फाटकावर लावावा. बांधकामाची परवानगी देताना वरचा वीतभर थर वेगळा काढून, झाकून ठेवण्याची आणि काम संपल्यावर त्याच जागी पसरण्याची अट घालावी. बाहेरून माती आणायचीच असेल तर ती कुठून आली याची नोंद आणि तिचा अहवाल मागावा. ज्या उद्यानात पानं पडतात त्याच उद्यानात त्यांचं खत व्हावं, आणि एकही पान फाटकाबाहेर जाऊ नये. माळ्यांना मातीचं प्रशिक्षण मिळावं. निर्णय घेताना त्यांना बैठकीत खुर्ची मिळावी, कारण आपल्या मातीचं पहिलं निदान त्यांच्याकडेच असतं. रोपं लावल्याचा नव्हे, तर तीन वर्षांनी जगलेल्या झाडांचा हिशेब ठेकेदाराकडून घ्यावा आणि त्यावरच शेवटचं बिल द्यावं.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तुमच्या सोसायटीची पुढची सभा त्याआधी येणार आहे. त्या सभेत दोन ठराव मांडा: आवारातली माती या उन्हाळ्यात तपासून घ्यायची, आणि आवारातलं एकही पान जाळायचं नाही. दोन्हींसाठी बहुमत पुरतं, कुणाची परवानगी लागत नाही.